वॉर्डातली पहिली पोस्टिंग: कोल्हापुरातल्या पेशंटची केस कशी घ्यावी

सेकंड एमबीबीएसची बॅच पहिल्यांदा मेडिसिनच्या वॉर्डात जाते तेव्हा गळ्यात नवा स्टेथोस्कोप असतो आणि प्रश्नांची यादी पाठ असते. कॉटवरच्या आज्जी म्हणतात, "माज्या अंगावरनं वारं गेलंय." हा शब्द यादीत नसतो. पुढच्या आठवड्यात स्त्रीरोग विभागात दुसरी बाई म्हणते, "अंगावरनं जातंय." ऐकायला दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात. पहिल्यात अर्धांगाचा झटका आहे, दुसऱ्यात रक्तस्राव किंवा पांढरं जाणं आहे.

सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतून पेशंट येतो. सिंधुदुर्गातून घाट चढून येतो आणि निपाणी-बेळगावच्या पट्ट्यातूनही येतो. चंदगडची बोली वेगळी, शिरोळची वेगळी. गडहिंग्लजकडच्या काही आज्जी मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडवर जातात. बहुतेक आजारांचं निदान हिस्ट्रीतच हाती लागतं, तपासणी ते पक्कं करते. ती हिस्ट्री पेशंटच्या मराठीत असते, पुस्तकाच्या इंग्रजीत नसते. त्यामुळे या मार्गदर्शनात सगळ्यात जास्त जागा बोलण्याला दिली आहे. कसबा बावड्याच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं तसंच लागू पडेल, कारण पेशंट त्याच गावांतला आहे.

आदल्या रात्रीची तयारी

खिशात या वस्तू हव्यात: दोन पेनं, छोटी डायरी, टॉर्च, मोजपट्टी, थोडा कापूस आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नी हॅमर लांब दांड्याचा आणि जड डोक्याचा घ्या. हलका हॅमर जोर लावून मारावा लागतो, आणि जोर लावला की पेशंट अंग आखडतो, मग रिफ्लेक्स येत नाही. ट्यूनिंग फोर्क दोन लागतात. व्हायब्रेशन तपासायला १२८ हर्ट्झचा आणि ईएनटीत रिने-वेबर (ऐकू येण्याच्या चाचण्या) करायला ५१२ हर्ट्झचा. १२८ च्या फोर्कवर रिने करू नये, कारण त्याचं कंपन कानाला ऐकू येण्याआधी हाडाला जाणवतं आणि पेशंट चुकीचं उत्तर देतो.

स्टेथोस्कोपचे इअरपीस पुढच्या बाजूला, नाकाकडे वळलेले हवेत. उलटे घातले तर आवाज निम्मा येतो आणि विद्यार्थ्याला आपला कानच खराब आहे असं वाटायला लागतं. दोन बाजूंच्या स्टेथोस्कोपमध्ये बेल चालू आहे की डायफ्रॅम, हे छातीवर ठेवण्याआधी बोटाने हलकं टिचकून पाहा. दोन पेशंटच्या मध्ये डायफ्रॅम स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा.

हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांत पूर्ण होते. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीचा टायटर (रक्तातलं प्रमाण) तपासून घ्या, तो १० किंवा त्याहून जास्त यायला हवा. तीन डोस झाले म्हणून टायटर न पाहता राहणारे बरेच असतात. सुई टोचल्यावर पहिला प्रश्न नेमका तोच विचारला जातो.

नाश्ता करून निघा. शेंडा पार्काकडून येणार असाल तर दसरा चौकाच्या सकाळच्या गर्दीची वेळ हिशोबात धरा. राउंड सुरू झाल्यावर मागून घुसणाऱ्याला पेशंट दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमानुसार थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये तीन दिवस बुडाले तरी हा आकडा घसरतो.

कॉटजवळ जाताना

आधी सिस्टरना किंवा जेआरना (ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरांना) विचारा, "कोणाची केस घेतलेली चालेल?" नुकतं ड्रेसिंग झालेला, जेवायला बसलेला किंवा रात्रभर न झोपलेला पेशंट सोडून द्या. एका कॉटभोवती तीन-चार जणांहून जास्त नकोत. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वॉर्डात मोठी प्लीहा असलेला एखादा पेशंट आला की बातमी पसरते आणि सकाळपासून वीस हात त्याच्या पोटावरून फिरतात. सायंकाळी त्याचं पोट खरंच दुखायला लागतं. आज किती जणांनी तपासलं हे त्यालाच विचारा. आकडा मोठा असेल तर दुसरी कॉट पाहा.

स्वतःची ओळख खरी सांगायची. "आबा, मी डॉक्टरकी शिकतोय. तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलू का? नको वाटलं तर नको म्हणा, तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. सरकारी दवाखान्यात आलेल्या माणसाला वाटत असतं की नाही म्हटलं तर उपचार अडतील.

म्हाताऱ्या माणसांना आबा आणि आज्जी, मधल्या वयाच्यांना काका, काकू, दादा, ताई, आणि सगळ्यांना तुम्ही. मामा आणि मावशी हे शब्द वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसाठी रूढ आहेत. पेशंटला मावशी म्हटलं की कधी कधी दोघी वळून बघतात. आज्जी तुम्हाला "लेकरा" म्हणतील, एकेरीत बोलतील. त्यांनी बोलावं, तुम्ही मात्र अहो-जाहो सोडू नका. पुरुष विद्यार्थ्याने बाईची तपासणी करताना सिस्टर किंवा बॅचमधली मैत्रीण शेजारी हवी आणि पडदा ओढलेला हवा.

सुरुवातीला स्टूल घेऊन बसा. मग "काय होतंय?" एवढंच विचारा आणि दोन मिनिटं गप्प राहा. बहुतेक विद्यार्थी पहिल्या वाक्यालाच अडवतात आणि "ताप आहे? खोकला आहे? उलटी आहे?" अशी यादी सुरू करतात. पेशंट मग "हाय, हाय" म्हणत जातो, आणि दहा लक्षणं असलेली पण कुठलाच आजार नसलेली केस तयार होते.

शब्द उलगडायचा कसा

पेशंटचा शब्द त्याच्याच तोंडून आला तसा लिहून ठेवा आणि लगेच विचारा, "म्हणजे नेमकं काय होतं?" इंग्रजी शब्द नंतर, तुमच्या वहीत.

"चक्कर" घ्या. "घर फिरल्यासारखं होतं, की डोळ्यांपुढं अंधारी येते, की चालताना तोल जातो?" या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. पहिलं बहुधा कानाच्या आतल्या भागाशी किंवा मेंदूच्या मागच्या बाजूशी, दुसरं बीपी, रक्त कमी असणं किंवा हृदयाच्या ठोक्यांशी, तिसरं सेरेबेलम (लहान मेंदू) किंवा पायांच्या संवेदनेशी जाऊन भिडतं. आणखी एक विचारा, "झोपून उठताना येते की कूस बदलताना?"

"हात जड पडलाय" या वाक्यात ताकद गेली आहे की संवेदना गेली आहे ते कळत नाही. "तांब्या उचलता येतो का? हातातनं भाकरी सुटते का?" हा ताकदीचा प्रश्न. "मुंग्या येतात का? गरम-गार कळतं का? चालताना पायातली चप्पल सुटली तर समजतं का?" हा संवेदनेचा. "वीकनेस" हा शब्द तर आता खेड्यातही पोचला आहे आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा थकवा असतो. तो मोटर वीकनेस, म्हणजे स्नायूंची ताकद जाणं, म्हणून लिहिला की पुढचं सगळं निदान चुकीच्या वाटेने जातं.

दुखण्याला मराठीत फार नेमके शब्द आहेत, त्यांचा फायदा घ्या. कळ येऊन जाते, ठणका सतत राहतो, तिडीक झटक्यात सरकते, चमक हालचालीला निघते, उसण श्वास घेताना किंवा वळताना भरते, पोटात गोळा उठतो आणि विरतो. "ठणकतंय" म्हणणाऱ्या माणसाच्या गळवात पू असायची शक्यता मोठी. "गोळा उठतोय" म्हटलं की आतडं, पित्ताची नळी किंवा मूत्रनलिका मनात आणावी. पन्नाशीचा माणूस "गॅस झालाय, छातीत भरून आलंय" म्हणतो आणि सोबत घाम फुटलाय, तेव्हा पित्त समजून पुढे जायचं नाही. लगेच जेआरना सांगून ईसीजी काढायला लावायचा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखून येतो, मळमळ आणि उलटीसकट.

श्वासाचा भाग जरा सावकाश पाहू, कारण इथे पुस्तकातला प्रश्न सरळ फसतो. "दम लागतो" आणि "दमा आहे" यांत पेशंट फरक करत नाही. हृदयाच्या आजाराचा पेशंटही "मला दमा हाय" म्हणून येतो. किती लागतो हे एनवायएचएच्या (हृदयविकारात दम किती लागतो हे ठरवायच्या) चार पायऱ्यांत बसवायचं असेल तर रोजचं काम विचारा. "गेल्या चैत्रात जोतिबाला पायऱ्या चढून गेला होता का? आता रानात बांधापर्यंत जाता येतं? नळावरून घागर आणता येते? आंघोळ करताना लागतो? बसल्या जागी?" दोन-चार उत्तरांत पायरी ठरते आणि आजार किती दिवसांत किती वाढला हेही कळतं.

ऑर्थोप्नियासाठी, म्हणजे आडवं झाल्यावर दम लागतो का यासाठी, पुस्तक सांगतं, उशा किती लागतात ते विचारा. घोंगड्यावर, उशीशिवाय झोपणाऱ्या माणसाचं उत्तर "एकबी न्हाई" येतं, आणि विद्यार्थी लक्षण नाही असं लिहून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, "सपाट झोपलं की गुदमरतं का? रात्री भिंतीला टेकून झोपता का?" आणि पुढे, "झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठता, दार उघडून बसता, असं होतं का?" घरच्या माणसालाही विचारा. नवरा झोपेतून उठून बसतो हे बायको सांगते, तो स्वतः सांगत नाही.

उरलेले नेहमीचे शब्द भरभर: कोरड्या खोकल्याची ढास, बेडका म्हणजे थुंकीतून पडणारा कफ (त्याचा रंग, दिवसाला किती वाट्या, रक्त), हुडहुडी म्हणजे थंडी वाजून ताप, कणकण म्हणजे अंगातला बारीक ताप, उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ, परसाकडं म्हणजे संडासला, आव म्हणजे संडासातली शेम, मुरडा म्हणजे पोट पिळवटणं, फेपरं किंवा आकडी म्हणजे फिट. वजन घटलं का हे किलोत विचारू नका. "कापडं ढिली झाली का? बांगडी सैल झाली का?" असं विचारा. स्त्रीरोग विभागात "ही कितवी खेप?" विचारून झाल्यावर "मध्ये कधी खाली झालं होतं का?" हे वेगळं आणि हळू आवाजात विचारावं लागतं. खेपांच्या मोजणीत गर्भपात बरेचदा धरलेले नसतात.

कधीपासून, हे कॅलेंडरवरून

"किती दिवस झाले?" याला "लई दिस झालं" हेच उत्तर येतं. सणावर आणि शेतीच्या कामावर या. "बेंदराच्या आधी की नंतर? रोप लावणीला गेला होता तेव्हा बरे होता? गौरी आल्या तेव्हा? दसऱ्याला? कारखाना सुरू झाला तेव्हा?" एवढ्यावर तारीख पंधरा दिवसांच्या आत येते. वहीच्या मागच्या पानावर त्या वर्षीच्या बेंदूर, गणपती, गौरी, दसरा, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा यांच्या तारखा लिहून ठेवा. गरोदर बाईची शेवटची पाळी शोधायलाही हेच उपयोगी पडतं. तारीख मिळाली की नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी दर २८ दिवसांनी नियमित येत असेल तरच हा हिशोब नीट बसतो, म्हणून तेही विचारायचं.

काम, तंबाखू, दारू आणि आधीचं औषध

"व्यवसाय: मजुरी" एवढं लिहिलेली केस अर्धी आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कामाला जातो म्हणाला तर फाउंड्रीत कुठल्या विभागात, ते विचारा. मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंगमध्ये (ओतलेला भाग साफ करणं) वाळूची धूळ असते आणि जुना खोकला सिलिकोसिसचा असू शकतो. सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोकाही जास्त. इचलकरंजीचा असेल तर लूमवर किती वर्षं, कापसाच्या धुळीत का? हुपरीचा असेल तर चांदी गाळायच्या भट्टीजवळ बसतो का? पावसाळ्यात ताप, लाल डोळे आणि "पोटऱ्या ठणकतात" असं ऐकलं की भाताच्या चिखलात उघड्या पायाने उभा होता का, पायाला चिरा होत्या का हे विचारा, कारण लेप्टोस्पायरोसिस मनात हवा. गुऱ्हाळावर काईलीत भाजलेले आणि चरकात हात गेलेले सर्जरीत भेटतील.

तंबाखूचा प्रश्न बायकांना सरळ विचारला तर उत्तर "न्हाई" येतं, आणि ते प्रामाणिक असतं. "दात कशानं घासता?" असं विचारा. "मिश्रीनं." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण तो व्यसनात मोजला जात नाही. दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता, हे पुढे विचारून तोंडाच्या आत टॉर्च मारून पाहा: पांढरा चट्टा, तोंड उघडायला त्रास, न भरणारी जखम. बिडीसाठी स्मोकिंग इंडेक्स काढा, दिवसाच्या बिड्या गुणिले वर्षं. १५ बिड्या २० वर्षं म्हणजे ३००, आणि त्यापुढे धोका मोठा धरतात. दारूत "थोडी घेतो" लिहू नका. रोज एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि, ४२.८ टक्क्यांची असेल तर सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. शेवटची कधी घेतली हे तासांत विचारा. दोन-तीन दिवस बंद झालेली असेल आणि हात थरथरत असतील तर जेआरना सांगणं गरजेचं आहे, कारण फिट येऊ शकते.

आधी काय औषध घेतलं हे विचारताना चेहऱ्यावर नापसंती दिसली की पेशंट बंद होतो. "गावात कुणाचं औषध घेतलं का? झाडपाला? कावीळ उतरवून घेतली का? दम्याची पुडी?" हे चहापाण्याच्या गप्पांसारखं विचारायचं. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं, आणि ते अचानक थांबवल्याने माणूस कोसळू शकतो. पुडी घरी असेल तर आणायला सांगा.

तपासणीत हमखास चुकतं ते

कावीळ ट्यूबलाइटखाली पाहू नका. पेशंटला खिडकीकडे तोंड करून खाली बघायला सांगा, वरची पापणी उचला आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग पाहा. रक्त कमी आहे का हे मात्र खालची पापणी ओढून. उलटं केलं की दोन्ही चुकतं.

बीपी घेताना कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. बारीक कफ जाड दंडाला लावला तर बीपी खोटं जास्त येतं. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. नऊवारीतल्या आज्जींच्या चोळीची बाही वर गुंडाळून तिच्या खाली कफ लावू नका. घट्ट गुंडाळी शिरेला आधीच दाबून ठेवते. आधी मनगटाची नाडी बोटाखाली धरून कफ फुगवा, नाडी जाते तो आकडा लक्षात ठेवा, त्याच्याहून आणखी ३० ने जास्त फुगवा आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरने उतरवा. नाडीची पायरी गाळली तर मधल्या शांत पट्ट्यात, ऑस्कल्टेटरी गॅपमध्ये, अडकून १८० चं बीपी १४० लिहिलं जातं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पण पेशंटला सांगू नका. नाडीवर बोटं तशीच ठेवून नजर छातीकडे न्या. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो वेगळाच घ्यायला लागतो.

पर्कशनमध्ये (बोटाने ठोकून आवाज ऐकताना) डाव्या हाताचं मधलं बोट छातीला घट्ट दाबून, बाकीची बोटं उचलून ठेवायची. उजव्या मधल्या बोटाने मनगटातून मारायचं आणि लगेच उचलायचं. कोपरातून मारलं तर आवाज नुसता मोठा येतो, फरक कळत नाही. नखं कापलेली हवीत. यकृत आणि प्लीहा दोन्ही उजव्या जांघेच्या वरून सुरू करून चाचपायच्या. बरगडीपासून सुरुवात केली तर फार मोठी प्लीहा बोटाखालीच असते आणि तिचा काठ सापडत नाही. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. पोट कडक झालं की पेशंटचे गुडघे वाकवून "तोंडानं श्वास घ्या" म्हणा.

मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याचा) मर्मर ऐकायचा असेल तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, बेल अगदी हलकी टेकवा आणि श्वास सोडून थांबायला सांगा. बेल दाबून धरली की कातडीच डायफ्रॅमसारखी ताणली जाते आणि खालच्या पट्टीचा तो आवाज नाहीसा होतो.

केस मांडताना

क्लिनिकला केस इंग्रजीत मांडायची असली तरी मुख्य तक्रारीत डॉक्टरी शब्द येऊ देऊ नका. "हेमिप्लेजिया" ही तक्रार होत नाही. "उजव्या हातापायातली ताकद गेली, ३ दिवस" ही तक्रार. सगळ्यात जुनी तक्रार आधी: खोकला ३ महिने, ताप १ महिना, छातीत दुखणं ५ दिवस. पुढे प्रत्येक तक्रार कशी सुरू झाली, कशी वाढली, कशाने कमी-जास्त होते. जी लक्षणं नाहीत ती सांगताना फक्त निदानाला वळण देणारी सांगा. छातीत दुखणाऱ्या पेशंटला "लघवीची जळजळ नाही" हे सांगून मिनिट घालवू नका. सगळं पाच ते सात मिनिटांत बसतं. घरी दोनदा मोठ्याने म्हणून पाहा.

शेवटी निदान तीन भागांत द्या: कुठे, कशामुळे, किती. "रुमॅटिक हार्ट डिसीज, मायट्रल स्टेनोसिस, सायनस ऱ्हिदम, एनवायएचए तीन" असं. फाइल उघडून निदान आधी वाचणाऱ्याची हिस्ट्री त्या निदानाकडे ओढली जाते आणि दुसऱ्याच प्रश्नात तो अडकतो. फाइल नंतर वाचा आणि आपलं कुठे चुकलं ते लाल पेनने वहीत लिहा. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या. महिन्याभराने त्या सरांची ड्युटी बदललेली असते.

कॅज्युअल्टीत

इथे तुमचं पहिलं काम वाट मोकळी ठेवणं. तरीही दोन गोष्टी विद्यार्थ्याला नीट करता येतात.

पहिली, साप चावलेल्याची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ मिलि ताजं शिरेतलं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदाच तिरकं करून पाहायचं. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष चढलेलं असू शकतं. ट्यूब प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर रक्त गोठायला उशीर होतो आणि चाचणी खोटी येते. मध्येच हलवून पाहिलं तरी बिघडते. घड्याळ लावून तिथेच उभं राहणारा विद्यार्थी जेआरला खरोखर हवा असतो. मण्यारीत रक्त गोठतं, म्हणून चाचणी ठीक आली तरी निर्धास्त होऊ नका. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, चावल्याची खूण दिसत नाही आणि पापण्या खाली येतात, हे मण्यारीचं चित्र आहे. अशाला दर काही मिनिटांनी "डोळे वर करा, जीभ बाहेर काढा, एका श्वासात मोजा" म्हणत राहा आणि आकडा कमी व्हायला लागला की ओरडून सांगा.

दुसरी, "औषध पिलंय" हे वाक्य ओळखणं. कॅज्युअल्टीच्या दारात त्याचा अर्थ फवारणीचं विष घेतलंय असा असतो. नातेवाइकांपैकी एकाला लगेच बाटली आणायला पाठवा, निदान मोबाइलवर लेबलचा फोटो मागवा. लेबलवरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग विषारीपणाची उतरती पायरी दाखवतो. पण घटकाचं नाव सगळ्यात महत्त्वाचं. ऑर्गनोफॉस्फेटला अॅट्रोपिन लागतं. पॅराक्वाट तणनाशक असेल तर ऑक्सिजनसुद्धा जपून द्यावा लागतो, कारण त्याने फुप्फुसाची हानी वाढते. "का घेतलं?" हा प्रश्न चार लोकांसमोर विचारायचा नाही. एमएलसीच्या (मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या) कागदावर काही लिहायचं नाही, आणि पेशंटचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये.

सुई टोचली तर

बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी जेआरना सांगा. एचआयव्हीसाठीची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि सुरू केली की २८ दिवस पूर्ण घ्यायची. रागावतील म्हणून लपवणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. टोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सुईला टोपण परत लावणं. सुई, ब्लेड पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात, रक्ताचे बोळे पिवळ्यात, ग्लोव्हज आणि आयव्हीच्या नळ्या लाल पिशवीत, काचेची अँप्युल निळ्या खोक्यात.

ओटीत हिरव्या-निळ्या कापडापासून हातभर लांब उभं राहा, हात कमरेच्या वर ठेवा आणि भोवळ येतेय वाटलं तर न लाजता मागे सरकून जमिनीवर बसा. लेबर रूममध्ये बाईच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून पाठ चोळणं, पाणी देणं हे कामही तुमचंच आहे. दोन कळांमधलं अंतर तिथूनच नीट मोजता येतं.

पेशंट घरी जाताना

ज्याची केस घेतली त्याच्या डिस्चार्जच्या दिवशी कॉटजवळ जा. हे विद्यार्थ्याशिवाय फारसं कुणाला जमत नाही, कारण बाकी सगळ्यांकडे पुढचा पेशंट उभा असतो. कार्डावर १-०-१ लिहिलेलं असतं. "सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक" असं वाचून दाखवा, गोळीच्या पाकिटावर पेनने सूर्य आणि चंद्र काढून द्या आणि "आता तुम्ही मला सांगा" म्हणून त्यांच्याकडून एकदा वदवून घ्या. इन्हेलर दिला असेल तर तो तुमच्यासमोर घ्यायला लावा. हलवून, श्वास पूर्ण सोडून, तोंडात घट्ट धरून, श्वास आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा, मग दहापर्यंत मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने. स्टेरॉइडचा असेल तर शेवटी चूळ भरून टाकायची. आज्जींना दाबणं आणि ओढणं एकदम जमत नसेल तर स्पेसर लागेल, आणि तो कार्डावर लिहिला गेलाय का, हे त्या एसटी स्टँडकडे निघण्याआधी पाहा.